इंजिनाखालचं रबर : तापलेल्या, अडचणीच्या जागेतले अनुभव

मंडळी, 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंदी, म्हणजे इंजिन उचलायचं, माउंटिंग (थरथर अडवायला यंत्राखाली बसवतात ते रबराचे किंवा स्प्रिंगचे पाय) बदलायची ती याच दोन महिन्यांत, म्हणून आत्ताच विचारतोय. गरम किंवा अडचणीच्या जागेत ज्यांनी माउंटिंग बसवलीत त्यांनी काय घेतलं, का घेतलं, किती टिकलं ते लिहा. बोटच पाहिजे असं नाही, जनरेटर, पंप, फॅन, काहीही चालेल.

माझ्यापासून सुरुवात करतो. नौका मालवणची, सहा सिलेंडरचं इंजिन. दुकानात वजन सांगितलं, वजनावर चार माउंटिंग मिळाली, साधं नैसर्गिक रबर. दोन अजून ठणठणीत आहेत, टर्बोच्या (एक्झॉस्टवर फिरणारा, खूप तापणारा भाग) बाजूची दोन मात्र एका हंगामात तीन मिलिमीटर बसली, इंजिन आणि पंख्याचा शाफ्ट एका रेषेत राहिले नाहीत, म्हणजे लाइन गेली, दोघांना जोडणाऱ्या कपलिंगचे बोल्ट सैल व्हायला लागले. आमच्या तांडेलाने नखाने दाबून बघितलं आणि म्हणाला, "रबर मेलो रे, जीव नाय रवलो तेच्यात." मग लेझरवालं थर्मामीटर आणून मोजलं. इंजिन चालू असताना माउंटिंगपाशी 74 अंश, आणि बंद केल्यावर पंधरा मिनिटांनी 91! पाणी फिरायचं थांबतं, वाराही थांबतो आणि टर्बोची सगळी आग खाली उतरते. नैसर्गिक रबराला सतत 70 च्या आसपास ठीक, त्याच्या वर ते लवकर म्हातारं होतं. त्या बाजूला निओप्रीनची (कृत्रिम रबर) घातली आणि मधे पत्र्याची आडोशाची पट्टी मारली. दुसरा हंगाम चाललाय, अर्धा मिलिमीटरपण हललेली नाहीत.

रत्नागिरी, मासळी प्रक्रिया
दादा, आमचं बरोबर उलटं. मासळी झटपट गोठवायचा ब्लास्ट फ्रीजर उणे 40 चा, आतल्या फॅनच्या मोटरखाली निओप्रीनचे पॅड होते. बाहेर हातात घेतले की छान मऊ, आत मात्र लाकूड, थरथर सरळ पॅनेलमध्ये जायची आणि जोडांतून बर्फ धरायला लागला. उन्हात चांगलं ते थंडीतही चांगलं असं नसतंच. आता सिलिकॉनचे घेतलेत, महाग पडले, पण आत जाऊन हाताने दाबले तर अजून दबतात. ऑर्डर देताना जागेचं तापमान लिहून द्या, कमीत कमी आणि जास्तीत जास्त दोन्ही.

तारकर्ली, होमस्टे
आमचा जनरेटर जांभ्याच्या छोट्या खोपीत, वर पत्रा, मधे जागा नाही. पाहुण्यांची झोपमोड व्हायची म्हणून स्प्रिंगवाली माउंटिंग घ्यायला गेलो तर उंची बसेना, म्हणून पातळ कडक रबर घातलं आणि काही फरक पडला नाही. मग पुतण्याने गणित समजावलं (तो इंजिनिअरिंगला आहे): वजन ठेवल्यावर माउंटिंग किती मिलिमीटर दबतं ते बघायचं, 15.8 ला त्या आकड्याच्या वर्गमूळाने भागायचं, आली त्याची स्वतःची फ्रिक्वेन्सी. आमचं 1 मिलिमीटर दबायचं, म्हणजे जवळजवळ 16 हर्ट्झ, आणि 1500 आरपीएमचा जनरेटर म्हणजे 25. जनरेटरचा आकडा माउंटिंगच्या निदान तिप्पट पाहिजे, दीडपटीत काय होणार. 4 मिलिमीटर दबणारी घेतली तर 8 च्या खाली येतं. तेवढ्या उंचीसाठी जमिनीचा कोबा फोडून जनरेटर खाली उतरवला, दोन दिवसांचं काम, पण रात्री आता समुद्र ऐकू येतो.

हर्णै, मरीन मिस्त्री
काका, कोबा फोडलात ते योग्य केलंत. बरेच जण जास्त दबावं म्हणून एकावर एक दोन रबरं ठेवतात, ते करू नका, इंजिन आडवं डोलायला लागतं. एक्झॉस्ट पाइप पण बघा. माउंटिंग हजारोंची आणि पाइप भिंतीला कडक बांधलेला असेल तर थरथर पाइपातून जाणार, तिथे लवचिक बेलोज (घड्यांचा धातूचा तुकडा) पाहिजेच. अगदी गरम जागी, जिथे कुठलंच रबर टिकत नाही, तिथे मी स्टेनलेसच्या तारेच्या दोराची माउंटिंग बसवतो, 316 ग्रेडची, ती डिझेलने फुगतही नाहीत. नैसर्गिक रबर डिझेलने फुगतं, बिल्जमध्ये (नौकेच्या तळाशी) पाणी-तेल साचणाऱ्या नौकेवर ते नकोच. आणि मालवणच्या दादांना एक, नवीन रबर सुरुवातीला थोडं बसतंच, म्हणून कपलिंगची लाइन लगेच पक्की न करता वजन टाकून दोन-चार दिवस ठेवा आणि मग मिळवा. नौका पाण्यात उतरल्यावर परत एकदा, कारण जमिनीवरचा आकार आणि पाण्यातला आकार एक नसतो.

मालवणहून मीच
मिस्त्रीकाका, ती पाण्यातली लाइन मी घेतलीच नव्हती, सगळं किनाऱ्यावरच मिळवलं होतं. नारळी पौर्णिमेच्या आधी नौका उतरेल तेव्हा फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घेऊन बसतो आणि कपलिंगच्या चारही बाजूंचे आकडे इथे टाकतो.