मे महिन्यात गावाला जाऊन कादंबरी लिहिणं कुणाला जमलंय का?

अर्धवट_खर्डा

नमस्कार मंडळी. एक कादंबरी लिहायला घेतलीये, अर्ध्यावर आली आणि तिथेच बसकण मारलीये. एरवी नोकरीमुळे रात्री जेवणं उरकल्यावर जो काय तासभर मिळतो त्यात लिहितो, त्यातलाही अर्धा वेळ आधीचं वाचण्यातच जातो. यंदा मे महिन्यात बऱ्यापैकी लांब रजा मंजूर झालीये. गुहागरजवळ आमचं जुनं घर आहे तिकडे सगळे जमणार, आई, बायको, मुलं, भाऊ-वहिनी आणि त्यांची मुलगी. डोक्यात असं आहे की सकाळी लिहायचं, दुपारी वाचायचं (विकत घेऊन न वाचलेल्या पुस्तकांची एक पिशवीच नेणारे), संध्याकाळी पोरांना घेऊन समुद्रावर.

ऐकायला मस्त वाटतं हो, पण आमचं घर म्हणजे सकाळी सातला पडवीत कुणीतरी आंबे निवडत बसलेलं असतं, मग मासेवाली, मग पोरांची भांडणं, मग कुणीतरी "रिकामाच बसलायस ना, जरा गॅस सिलिंडरचं बघ" म्हणून येणार. माळ्यावर टेबल टाकता येईल पण मे महिन्यात कौलाखाली दुपारी बसायचं म्हणजे काय ते कोकणातल्या लोकांना सांगायला नको, त्यात लाइट गेली की पंखाही नाही.

तर सुट्टीत घरच्यांच्यात राहून कुणाचं खरंच लिहून झालंय का? की सरळ लॅपटॉप घरी ठेवावा, वाचावं, लोळावं आणि जूनमध्ये बघावं? आणि अडलेली कादंबरी जागा बदलली की सुटते असं म्हणतात ते कितपत खरं?

घाटावरचा

पहाटे ऊठ बाबा. बाकी काही उपाय नाही. इंग्रजी कादंबरीकार अँथनी ट्रोलप पोस्टखात्यात नोकरीला होता, पहाटे साडेपाचला टेबलाशी बसायचा, समोर घड्याळ ठेवून दर पंधरा मिनिटांना 250 शब्द, आणि मग आवरून कामाला. 47 कादंबऱ्या लिहिल्या. मासेवाली यायच्या आत तुझा दिवसाचा कोटा संपलेला असेल.

खारीबिस्कीट

पहाटे पाचला कोकणातल्या घरात आई उठलेली असतेच आणि तिला गप्पा मारायला कुणीतरी हवंच असतं, त्यामुळे ट्रोलपचा उपाय फेल 😄

इथाकाकर

धागा बघून राहवलं नाही. मी न्यूयॉर्क राज्यात वरच्या बाजूला इथाकाला असतो, इथून पाऊण तासावर एल्मायरा नावाचं गाव आहे, तिथे अमेरिकन कादंबरीकार मार्क ट्वेनची सासुरवाडी. तुम्ही जे स्वप्न बघताय ना ते त्या माणसाने वीसेक वर्षं जवळजवळ दर उन्हाळ्यात जगून दाखवलंय. (इथला उन्हाळा म्हणजे जून ते सप्टेंबर, आपला मे महिना नव्हे.)

एरवी तो हार्टफर्डला मोठ्या घरात राहायचा, पण तिथे पाहुण्यांची इतकी वर्दळ की लिहिणं फारसं व्हायचंच नाही. उन्हाळा आला की बायको ऑलिव्हिया आणि पोरींना घेऊन एल्मायराच्या टेकडीवर क्वारी फार्मला, मेव्हणीकडे. मेव्हणीचं नाव सुझन क्रेन. तिने 1874 साली त्याच्यासाठी घरापासून जरा वर चढावर एक आठकोनी खोली बांधून दिली. चहूबाजूंनी खिडक्या, आत एक सोफा, टेबल, तीन-चार खुर्च्या मावतील एवढीच जागा. सकाळी दाबून नाश्ता करून वर जायचा तो थेट संध्याकाळी पाचच्या सुमारास खाली, दुपारचं जेवण नाही. अगदीच अडलं तर खालून घरचे शिंग फुंकायचे. गरम व्हायला लागलं की सगळ्या खिडक्या सताड उघड्या टाकायच्या, कागद उडू नयेत म्हणून वर विटांचे तुकडे ठेवायचे आणि त्या वादळवाऱ्यात लिहीत बसायचं, असं त्याने स्वतःच पत्रात लिहिलंय. तेव्हा अर्धवट साहेब, माळ्याची कौलं सोडा, आंब्याखाली टेबल टाका.

आता तुमचा अडलेल्या कादंबरीचा मुद्दा. टॉम सॉयर लिहिताना हस्तलिखिताच्या चारशेव्या पानावर गोष्ट अचानक थांबली, काही केल्या पुढे सरकेना. तो वैतागला, पण शेवटी कप्प्यात टाकून दिली. पुढे परत काढून बघितली तेव्हा त्याला कळलं की टाकी रिकामी झाली होती, बस एवढंच, आपण झोपतो किंवा दुसरं काही करतो तेव्हा ती आपोआप भरत असते. हकलबरी फिनचं तर त्याहून भारी. 1876 च्या उन्हाळ्यात सुरू केली, अडकली, मध्ये दुसरी पुस्तकं झाली, आणि 1883 च्या उन्हाळ्यात याच टेकडीवर हातावेगळी केली. सात वर्षं! तुमची कितीही वर्षांची असू दे, काळजी करू नका.

आणि 1883 चा तो उन्हाळा नीट बघा, कारण तुमचा प्रश्न नेमका तोच आहे. जुलैमध्ये मित्राला, म्हणजे हॉवेल्स नावाच्या संपादक-लेखकाला पत्र लिहिलंय की आज 4,000 शब्द झाले, तीन हजारांच्या वर तर बऱ्याचदा जातो, कामाच्या दिवशी 2,600 च्या खाली कधी येत नाही. पण त्याच पत्रात पुढे काय म्हणतो, की दमलो की दोनेक दिवस सरळ अंथरुणात पडून वाचतो आणि ओढतो (सिगार), आणि मग पुन्हा सहा-सात दिवस जुंपून घेतो. म्हणजे वाचायचे दिवस वेगळे, लिहायचे वेगळे. रोज सकाळी लेखन दुपारी वाचन असं शाळेचं वेळापत्रक नाही. मला हे जास्त पटतं, कारण लिहून डोकं शिणल्यावर दुपारी आपण पुस्तक उघडतो ते फक्त तोंडावर घेऊन झोपायला.

त्याच उन्हाळ्यात मुलींना इंग्लंडच्या राजांच्या सनावळ्या पाठ होईनात म्हणून या गृहस्थाने काय करावं, तर फार्मच्या रस्त्यावर 817 फूट मोजले, विल्यम राजापासून म्हणजे 1066 पासून 1883 पर्यंत, एक वर्षाला एक फूट, आणि ज्या ज्या ठिकाणी नवा राजा गादीवर आला तिथे खुंटी ठोकली. पोरी त्या रस्त्याने राजांची नावं ओरडत पळायच्या. नंतर त्याला या खेळाचं इतकं वेड लागलं की घरात खेळायचा बोर्ड बनवून 1885 साली पेटंटही घेतलं. तो बोर्ड काही चालला नाही म्हणा, लोकांना सनावळ्यांत काय रस. पण ज्या उन्हाळ्यात हक पूर्ण झाली त्याच उन्हाळ्यात हा माणूस रस्त्यावर खुंट्या ठोकत होता.

शेवंती

इथाकाकर, छान लिहिलंत, वाचताना मजा आली. पण मला एक सांगा, सकाळी पोटभर नाश्ता करून वर गेला तो पाचला खाली आला, तर मधल्या वेळात घर कोण चालवत होतं?

मीही लिहिते (कथा, दोन-तीन दिवाळी अंकांत आल्यात) आणि माझा मे महिना म्हणजे आंब्याचा रस आटवणे, सांडगे, कुरडया, पाहुण्यांची अंथरुणं, आणि पोरं "कंटाळा आला" म्हणून दर अर्ध्या तासाने येणार. माझ्यासाठी आठकोनी काय त्रिकोणी खोलीसुद्धा कुणी बांधलेली नाही. लेखक पुरुष असला की त्याची एकाग्रता वगैरे, आणि आम्ही वही काढली की "हे काय आता मध्येच".

त्या फार्मवर सुझन होती, ऑलिव्हिया होती, नोकरमाणसं होती, आणि स्वयंपाकघरात मेरी अ‍ॅन कॉर्ड नावाची बाई होती जी आधी गुलामगिरीत होती. तिची सात मुलं विकली गेली होती, त्यातला धाकटा तिला पुढे यादवी युद्धाच्या धामधुमीत परत भेटला. एका संध्याकाळी पोर्चवर तिने ही हकीकत सांगितली, ट्वेनने तिचं बोलणं जसंच्या तसं उतरवायचा प्रयत्न केला आणि 1874 मध्ये अटलांटिक मंथलीत ती छापून आली, गोष्टीत तिचं नाव आंट रेचल केलंय. त्या मासिकात आलेलं त्याचं हे पहिलं लेखन. म्हणजे ज्या बाईच्या हातचं खाऊन तो वर लिहायला जात होता तिच्याकडेच खाली बसून ऐकण्यासारखी गोष्ट होती. खोलीत बसून जे सुचलं नसतं ते पायरीवर बसून मिळालं.

त्यामुळे अर्धवट भाऊ, राग मानू नका पण तुम्ही धाग्यात आंबे, मासेवाली, सिलिंडर सगळं लिहिलंत, बायकोला सुट्टीत काय करायचंय ते एका शब्दाने लिहिलं नाहीत. आधी ते विचारा. मग टेबल कुठे टाकायचं ते बघू.

घाटावरचा

शेवंतीताईंनी धुतलं 🙏

वाचनवेडी

शेवंती +1. ऑलिव्हिया नुसतं घर सांभाळत नव्हती, हस्तलिखितंही तीच तपासायची. थोरली मुलगी सुझी हिने तेरा वर्षांची असताना बापाचं चरित्र लिहायला घेतलं होतं, गुपचूप, स्पेलिंगच्या ढीगभर चुकांसकट (ट्वेनने नंतर आपल्या आत्मचरित्रात त्यातले उतारे त्या चुका तशाच ठेवून घातले). त्यात तिने लिहिलंय की पपा हक फिन छापायच्या आधी आम्हाला वाचून दाखवायचे, मग पानं मम्माकडे देऊन स्वतः वर खोलीत जायचे. मम्मा वाचत बसलेली, मी आणि क्लारा शेजारी, आणि ती एखाद्या पानाचा कोपरा दुमडताना दिसली की आमचा जीव तुटायचा कारण त्याचा अर्थ तिथला काहीतरी झकास भयंकर भाग आता उडणार. पुढे ट्वेनने सांगितलंय की अशा काही जागा तो मुद्दामच घालायचा, काढल्या जाणार हे माहीत असून, पोरींची मजा बघायला.

मला यातली एवढीच गोष्ट उचलण्यासारखी वाटते, रोज लिहिलेलं संध्याकाळी घरात मोठ्याने वाचायचं. मुलं फार प्रामाणिक श्रोते असतात, कंटाळली की उठून जातात. कुठल्या वाक्याला उठली ते बघून ठेवायचं. आणि कादंबरी अडलेली असेल तर आधीचा भाग नव्याने वाचून दाखवा, वाचताना तुमचाच आवाज कुठे पडतो ते कळतं. मी भाचरांना स्वतःचं लिहिलेलं वाचून दाखवलं तेव्हा आख्खं एक प्रकरण फुकट आहे हे धाकट्याच्या जांभईने कळलं.

बाय द वे, एखादं प्रकरण दिवाळी अंकाला द्यायचा विचार असेल तर मे महिनाच योग्य. बऱ्याच अंकांची जुळवाजुळव उन्हाळ्यातच सुरू होते, गणपतीत पाठवून काही उपयोग नसतो.

अर्धवट_खर्डा

सगळ्यांचे आभार. शेवंतीताई, राग कसला. धागा बायकोला वाचायला दिला. ती आधी हसली, मग म्हणाली की तिला काहीही लिहायचं नाहीये, तिला फक्त सलग वाचायचंय, कुणी हाक न मारता, आणि तीही पुस्तकांची पिशवी भरतेय. तर असं ठरलंय की एक दिवस सकाळी ती आंब्याखाली आणि मी स्वयंपाकघर प्लस पोरं, दुसऱ्या दिवशी उलट. वहिनीने ऐकलं तर तिलाही पाळी हवी, म्हणजे भाऊही जुंपला जाणार, तो माझ्यावर आत्ताच भडकलाय. आईचं म्हणणं तुम्ही दोघं भाऊ स्वयंपाकघरात आलात तर मीच समुद्रावर जाते.

म्हणजे लिहायला रोजची सकाळ गेली, एकाआडची राहिली. ठीक आहे, तसंही सलग चार दिवस लिहायला द्या म्हटलं तर दुसऱ्या दिवशीच टाकी रिकामी होते माझी. पहिला आठवडा लिहायचं नाहीच, आधीचा सगळा खर्डा रात्री खळ्यात मोठ्याने वाचायचा असं ठरवतोय. कादंबरी आमच्याच गावातल्या एका वाटणीच्या भांडणावर आहे, आईला त्यातलं निम्मं माझ्यापेक्षा जास्त माहितीये हे शेवंतीताईंचं वाचताना डोक्यात आलं. आजवर तिला कधी विचारलंच नव्हतं, नाव बदललं तरी ओळखेल या भीतीने.

शेवंती

ओळखणारच. आणि दोन दुरुस्त्याही सांगेल. लिहून घ्या.

पाटीपेन्सिल

जरा अवांतर, इथाकाकर, जुलैमध्ये मुलीकडे न्यू जर्सीला येतोय. ती आठकोनी खोली बघता येते का?

इथाकाकर

येते की. खोली आता टेकडीवर नाही, 1952 मध्ये ती उचलून एल्मायरा कॉलेजच्या आवारात आणून ठेवलीये. उन्हाळ्यात कॉलेजची मुलं तिथे माहिती द्यायला असतात, वेळा मात्र निघायच्या आधी बघून घ्या. क्वारी फार्मचं घर एरवी लोकांना आत जाऊन बघता येत नाही, ते ट्वेनवर अभ्यास करणाऱ्यांना राहायला देतात. गावातच वुडलॉन स्मशानभूमीत त्याची, ऑलिव्हियाची आणि मुलांची थडगी आहेत, तीही बघा. न्यू जर्सीहून गाडीने साधारण चार तास धरा, आणि येताना इथाकावरून आलात तर चहाला या.