'अ कॉर्नर इन व्हीट' (१९०९): साठेबाजाला मारून ग्रिफिथने धार घालवली का?

धागाकर्ता:
डी. डब्ल्यू. ग्रिफिथने बायोग्राफ कंपनीसाठी केलेला हा मूकपट जेमतेम चौदा मिनिटांचा. एक सट्टेबाज बाजारातला सगळा गहू ताब्यात घेतो, पाच सेंटांचा पाव दहाला जातो, गरीब रिकाम्या हाताने परततात. इथवर जबरदस्त. पण मग हा माणूस पाहुण्यांना धान्याचं कोठार दाखवायला जातो, तोल जाऊन आत पडतो आणि स्वतःच्याच गव्हाखाली गुदमरतो. शिकागोत जोसेफ लायटरने १८९७-९८ मध्ये गहू असाच कोंडला होता. त्याला बाजारानेच बुडवलं. इथे मात्र बाजाराचा हिशेब दैवावर सोपवलाय. खलनायक मेला, प्रेक्षक मोकळा!

प्रतिसाद १:
साफ असहमत. तुम्ही म्हणता तो शेवट नाहीच. प्रेत दोराने वर काढल्यावर चित्रपट परत शेतात येतो. सुरुवातीला दोघे बी फोकत येतात, मागून घोडे कुळव ओढतात. शेवटी शेतकरी एकटा. भाव उतरला, कुणाला पाव मिळाला, असं एकही दृश्य नाही. प्रेक्षक मोकळा कुठे झाला? शिवाय गव्हाखालचं मरण फ्रँक नॉरिसच्या 'द ऑक्टोपस' (१९०१) या कादंबरीत आधीच आहे.

धागाकर्ता:
नॉरिसकडून आलं म्हणून ते इथे शोभतं असं नाही. ती जाडजूड कादंबरी, तिथे शेतकरी आणि रेल्वे यांच्या भांडणाला पानंच्या पानं मिळतात. चौदा मिनिटांत एक अपघात सगळं लक्ष खाऊन टाकतो. पावासाठी खवळलेल्या लोकांवर पोलीस पिस्तुलं रोखतात, ते दृश्य कितीतरी मोठं होतं.

प्रतिसाद २:
दोघेही मरणावरच अडलात. मला यातली जोडणी थोर वाटते. शेतकरी, सट्टेबाज आणि पाव घेणारे एकमेकांना एकदाही भेटत नाहीत. एकीकडे मेजवानी झडते, लगेच पावाच्या दुकानातली रांग दिसते आणि त्या रांगेतली माणसं चित्रासारखी गोठून उभी! कॅमेरा जागचा हलत नाही, तरी कुणाच्या ताटातलं कुठे गेलं ते कळतं. त्या काळात सट्ट्यासारखी न दिसणारी गोष्ट पडद्यावर इतकी स्पष्ट कुणी मांडली होती?

धागाकर्ता:
जोडणीबद्दल वाद नाहीच. म्हणूनच तो अपघात खटकतो. जे तिघे कधी भेटत नाहीत, त्यांच्यातला एकच पडून मेला, तर बाकी दोघांचा त्याच्याशी असलेला संबंध तिथेच तुटतो.

प्रतिसाद १:
तुटत नाही. म्हणून तर तो शेतकरी अजून पेरतोय.