मदत हवी आहे : व्हाइट सॉक्सच्या २०२५च्या हंगामाचा अंदाज कसा बांधावा?

नमस्कार. २०२४ मध्ये १६२ पैकी १२१ सामने हरून आधुनिक बेसबॉलमधील पराभवांचा नकोसा विक्रम करणाऱ्या शिकागो व्हाइट सॉक्सविषयी मी हंगामपूर्व टिपण लिहीत असून, त्यासाठी जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. संघाने आपला सर्वोत्तम डावखुरा पिचर (चेंडू फेकणारा खेळाडू) गॅरेट क्रोशे बोस्टनच्या संघाला देऊन काइल टीलसह चार तरुण खेळाडू घेतले आणि विल व्हेनेबल यांना व्यवस्थापक (बेसबॉलमध्ये मुख्य प्रशिक्षक) नेमले. म्हणजे पुनर्बांधणी उघडच आहे. अशा संघाचे मूल्यमापन विजयांच्या संख्येवरून करावे की तरुणांच्या प्रगतीवरून? शिवाय ॲरिझोनातील हंगामपूर्व सराव सामन्यांत अनेक पिचर निकालाची फिकीर न करता नव्या प्रकारचे चेंडू आजमावत असतात, तेव्हा तिथल्या शितावरून भाताची परीक्षा कितपत करावी?