गरम झाल्यावर गाडी मधेच बंद पडते, चढावर दम सोडते – मदत हवी आहे

आडवाटेने

नमस्कार मंडळी, गेला दीड महिना गाडीने वात आणलाय म्हणून शेवटी इथे लिहितेय. जरा लांबण लागेल पण सगळं सांगते, अर्धवट सांगितलं की उत्तरंही अर्धवट मिळतात.

गाडी छोटी हॅचबॅक, पेट्रोल, १.२ लिटर, चार सिलिंडर, मॅन्युअल गिअर, ९ वर्षं जुनी, ९४ हजार किमी झालेत. गॅस किट वगैरे काही नाही. ऑइल आणि सर्व्हिसिंग वेळच्या वेळी.

थंड असताना गाडी एकदम शहाण्यासारखी वागते, अर्ध्या सेल्फला चालू. वीस-पंचवीस मिनिटं चालली, टेम्परेचरचा काटा मधे आला आणि ट्रॅफिकमधे रखडली की मग कधीतरी बंद. कधी सिग्नलला उभी असताना, आणि दोनदा तर चालत्या गाडीत, तिसऱ्या गिअरमधे. आचके नाहीत, मिसिंग नाही, कोणी बटण दाबून दिवा घालवावा तशी बंद. त्यानंतर सेल्फ मारला तर तो मस्त जोरात फिरतो पण इंजिन काही पकडत नाही. दहा-पंधरा मिनिटं बॉनेट उघडं ठेवून बसलं की काही झालंच नाही अशी चालू होते आणि मग मीच वेडी ठरते.

दुसरं म्हणजे पिकअप. चढावर सेकंडला टाकून अ‍ॅक्सिलरेटर पार खाली दाबला तरी ३००० आरपीएमच्या (इंजिनाचे मिनिटाला फेरे) पुढे ओढत नाही, मागून कोणीतरी धरून ठेवल्यासारखी. सपाट रस्त्यावर एवढं कळत नाही. हे बंद पडायला लागायच्या आधी दोनेक महिन्यांपासून हळूहळू वाढत गेलं, मला वाटलं वय झालं गाडीचं.

आतापर्यंत चारही प्लग नवे, एअर फिल्टर नवा, थ्रॉटल बॉडी साफ करून झाली, बॅटरी नवी (ती तर उगाचच, सेल्फ ठणठणीत फिरत होता तरी "आधी ही बदलून बघू" झालं). फरक शून्य. चेक इंजिनचा दिवा दोनदा लागला आणि आपोआप गेला. स्कॅनर लावला तर बिघाडाचा एकही कोड नाही. आता मेकॅनिक म्हणतोय ईसीएम (इंजिन चालवणारा कंप्युटर) गेलाय, नवा टाका. त्याच्या आधी म्हणाला होता की तुम्ही क्लच नीट सोडत नसाल. तेरा वर्षं गाडी चालवतेय, क्लच सोडताना बंद पडलेली गाडी आणि धावताना बंद पडलेली गाडी यातला फरक मला कळतो हो. भाऊ सोबत आला तेव्हा सगळं त्याच्याकडे बघून समजावत होता, ज्याला बॉनेट कुठून उघडतं तेही माहीत नाही. असो.

तर ईसीएम असा गरम झाला की दगा देतो का? की अजून काही बघायचं राहिलंय? आणि दोन्ही तक्रारींचं कारण एकच असेल का?

चौथा_गिअर

फ्युएल पंप. डोळे झाकून बदला. माझ्या जुन्या गाडीला सेम टू सेम, गरम झाली की बंद, थंड झाली की चालू. टाकी नेहमी रिझर्व्हला ठेवून चालवायची सवय आहे का?

आडवाटेने

रिझर्व्हला नाही पण पाव टाकीच्या वर क्वचितच असते हे खरं. त्याचा काय संबंध?

चौथा_गिअर

पंप टाकीच्या आत पेट्रोलमधे बुडालेला असतो, त्याला थंड ठेवायचं काम ते पेट्रोलच करतं. टाकी सतत तळाला असली की पंप तापतो, शिवाय तळाचा गाळ जाळीला येऊन बसतो. म्हणून म्हणतोय पंप.

निवांत

माझ्या मेहुण्याच्या गाडीत उंदराने वायर कुरतडली होती. बघून घ्या एकदा.

दहाचा_पाना

ताई, आधी ईसीएमचं सांगतो. लगेच बदलू नका. ईसीएम खराब होतच नाही असं नाही, पण तो यादीत सगळ्यात शेवटी येतो. त्याचा सप्लाय, रिले, अर्थिंग हे तपासल्याशिवाय कोणी ईसीएमचं नाव काढलं तर समजायचं की त्याच्याकडचे अंदाज संपलेत. आणि बहुतेक गाड्यांत नव्या ईसीएमला चावी ओळखायला शिकवावी लागते, ते वेगळंच लफडं.

आता कोड का सापडले नाहीत. बॅटरी कधी बदलली, दिवा लागल्यानंतर ना? बऱ्याच गाड्यांत बॅटरी काढली की साठलेले कोड उडतात, आणि त्याबरोबर फ्रीझ फ्रेमही उडते, म्हणजे कोड आला त्या क्षणी आरपीएम किती, टेम्परेचर किती, लोड किती याची जी नोंद असते ती. पुरावा पुसला गेला आणि मग स्कॅनर लावला, सापडणार काय.

चौथा_गिअर यांचा अंदाज चुकीचा नाही पण तुमच्या लिहिण्यातली एक गोष्ट पंपाशी जुळत नाही. पंप मरायला लागला की गाडी सहसा आधी कुरकुरते, आचके देते, रेस घेत नाही आणि मग बंद पडते, कारण पाइपातलं प्रेशर उतरायला थोडा वेळ लागतो. (पंपाचा रिले किंवा कपलर, म्हणजे वायरींचा जोड, सुटला तर फटकनही पडते, म्हणून शंभर टक्के म्हणत नाही.) तुम्ही म्हणताय दिवा मालवल्यासारखी. असं इग्निशन आणि इंजेक्शन दोन्ही एकदम थांबलं की होतं, आणि ते दोन्ही ज्याच्या भरवशावर चालतं तो क्रँक सेन्सर. क्रँकशाफ्ट कुठल्या कोनात आहे हे तो सांगतो, तो गप्प झाला की ईसीएमला वाटतं इंजिन फिरतच नाहीये, मग स्पार्क कशाला आणि पेट्रोल कशाला. आत बारीक तारेचं वेटोळं असतं, जुनं झालं की गरम होऊन कुठेतरी तुटतं आणि थंड झालं की परत जुळतं. दहा-पंधरा मिनिटांचा हिशोब तिथे बसतो.

दोन गोष्टी आठवून सांगा. चालत्या गाडीत बंद पडली तेव्हा क्लच दाबायच्या आधी आरपीएमच्या काट्याने काय केलं? गिअरमधे असताना चाकं इंजिनाला फिरवतच असतात, त्यामुळे काटा वेगाबरोबर सावकाश खाली यायला हवा. तो पटकन शून्यावर पडला असेल तर सेन्सरचा सिग्नल गेला. आणि बंद पडल्यावर सेल्फ मारताना काटा जरा तरी हलतो का?

हे बघायला मुद्दाम गर्दीत जाऊ नका. चालताना परत बंद पडली तर चावी पूर्ण मागे फिरवायची नाही, स्टिअरिंग लॉक होतं. स्टिअरिंग जड होईल, जोर लावावा लागेल. ब्रेकला व्हॅक्यूम एक-दोन दाबांपुरताच उरतो, म्हणून पंप करत बसायचं नाही, एकदाच घट्ट दाबून धरायचं आणि हॅझर्ड लावून कडेला घ्यायचं.

काळा_धूर

कॅट (एक्झॉस्टमधला धूर साफ करणारा कन्व्हर्टर) चोक झाला असेल. पिकअप नाही, वर रेस घेत नाही म्हणजे सायलेन्सर तुंबलाय. तो कापून पाइप टाका, पळेल.

दहाचा_पाना

चोक कॅटची शंका बरोबर आहे, कापायचा सल्ला नाही. त्याने पोल्यूशनची टेस्ट नापास होईल आणि मूळ दुखणं तसंच राहील. पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढून त्या भोकात गेज लावलं की बॅक प्रेशर (धूर पुढे अडल्याने मागे वाढलेला दाब) पाच मिनिटांत कळतं, अंदाज कशाला.

आडवाटेने

बापरे, एवढं सविस्तर कोणी सांगितलंच नव्हतं. काट्याचं खरंच लक्षात नाही, त्या वेळी आरशात मागचा ट्रक बघत होते. बॅटरी दिवा लागल्यानंतरच बदलली, हो.

मी आता एक छोटा ब्लूटूथवाला ओबीडी स्कॅनर घेतलाय, फोनवर चालतो. काय काय बघू?

दहाचा_पाना

उत्तम केलंत. आरपीएम आणि फ्युएल ट्रिम, शॉर्ट आणि लाँग दोन्ही, एवढं रेकॉर्डला लावून ठेवा. चालवताना फोनकडे बघायचं नाही, नंतर बघा किंवा शेजारी कोणाला तरी बसवा.

ट्रिम म्हणजे ईसीएमने पेट्रोल ठरल्यापेक्षा किती टक्के वाढवलं किंवा कमी केलं ते. शून्याच्या आसपास पाचेक टक्के इकडेतिकडे चालतं. सतत प्लस १० च्या वर म्हणजे काहीतरी गडबड. आता खुबी अशी की आयडलला (रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना) प्लस जास्त आणि रेस दिल्यावर कमी होत असेल तर कुठेतरी पाइपातून चोरून हवा घेतेय. उलट आयडलला ठीक आणि लोडवर प्लसमधे पळत असेल तर पेट्रोल पुरत नाहीये, नाहीतर हवा मोजणारा सेन्सर कमी सांगतोय.

आडवाटेने

अपडेट. काल भाच्याला शेजारी बसवून तासभर फिरले. त्याच चढावर लाँग ट्रिम प्लस १९ पर्यंत गेला, खाली आयडलला प्लस ३. आणि परत येताना एका मोकळ्या रस्त्यावर गाडी बंद पडली! आयुष्यात पहिल्यांदा गाडी बंद पडली म्हणून आनंद झाला. भाचा ओरडला "मावशी, झिरो झाला", मी अजून क्लच दाबला नव्हता, वेग ४० च्या आसपास होता. नंतर सेल्फ मारताना फोनवर आरपीएम शून्यच. बारा मिनिटांनी चालू केली तेव्हा सेल्फ फिरत असताना २०० च्या वर दिसला आणि लगेच इंजिनने पकडलं. कोड पण आला या वेळी, पी०३३५.

दहाचा_पाना

पी०३३५ म्हणजे क्रँक सेन्सरचं सर्किट. लक्षात घ्या, सर्किट म्हणतोय, सेन्सर नाही. कोड वाचून थेट पार्ट बदलणं ही पण एक तुक्केबाजीच. आधी कपलर काढून बघा, आत ऑइल, गंज, सैल पिन काही आहे का, वायर एक्झॉस्टला घासत नाही ना. सेन्सर दोन वायरींचा असेल तर थंड असताना आणि गरम असताना रेझिस्टन्स मोजायचा, बंद पडल्यावर लगेच मोजला आणि मीटर ओपन (म्हणजे तार तुटलेली) दाखवत असेल तर प्रश्नच मिटला. तीन वायरींचा हॉल टाइप असेल तर ओहम मोजून काही कळत नाही, तिथे सप्लाय आणि सिग्नल बघावा लागतो.

आणि आता चौथा_गिअर यांची माफी मागतो. चढावर प्लस १९ आणि आयडलला ३, हे क्रँक सेन्सरने होत नाही. तुमच्या गाडीला दोन वेगळी दुखणी आहेत आणि दोन्ही एकदम आल्यामुळे सगळे चकले, मीसुद्धा. कॅट चोक असता तर ट्रिम सहसा इतका प्लसमधे जात नाही. फ्युएल प्रेशर गेज लावून घ्या. अशा गाड्यांत साधारण ३ ते ४ बार असतं, तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमधे मिळेल. फक्त आयडलला मोजू नका, आयडलला मरतुकडा पंपही पास होतो. रेस देऊन, शक्य झालं तर लोडवर मोजा. हे काम मात्र घरी नको, लाइन प्रेशरमधे असते आणि खाली गरम इंजिन.

चौथा_गिअर

माफी कसली, मी पण अर्धाच बरोबर निघालो की. पंप बाहेर काढाल तेव्हा खालची जाळी बघा आधी, कधीकधी पंप चांगला असतो आणि जाळीच भरलेली असते.

आडवाटेने

शेवटचं अपडेट, दोन आठवड्यांनी लिहितेय कारण मुद्दाम थांबले होते, लगेच "झालं झालं" म्हणायचं आणि तिसऱ्या दिवशी परत तेच हे या दीड महिन्यात चार वेळा झालंय.

दुसऱ्या मेकॅनिककडे नेली. त्याला आधीच सांगितलं की आधी मोजा मग बदला, त्याला राग यायच्या ऐवजी बरं वाटलं बहुतेक. सेन्सर दोन वायरींचा निघाला. थंड असताना मीटरवर रीडिंग व्यवस्थित, हीट गनने हळूहळू गरम केला तर मीटर थेट ओपन, आणि थंड झाला की परत आकडा. माझ्यासमोर तीनदा करून दाखवलं. नवा सेन्सर टाकल्यापासून ६०० किमी झाले, ट्रॅफिकमधे, उन्हात, एकदाही बंद नाही.

फ्युएल प्रेशर आयडलला बरोबर होतं आणि रेस धरून ठेवली की उतरत जात होतं, म्हणजे तुम्ही म्हणालात तसंच. पंप काढला तर जाळी काळी ठिक्कर, चिखलात बुडवून काढल्यासारखी. नुसती जाळी बदलून बघितली, प्रेशर थोडं सुधारलं पण पूर्ण नाही, मग पंपही बदलला. आता तोच चढ तिसऱ्या गिअरमधे चढते आणि लाँग ट्रिम प्लस ४ वर थांबतो. टाकी अर्ध्याखाली जाऊ द्यायची नाही अशी शपथ घेतलीय, बघू किती दिवस टिकते.

ईसीएम अर्थातच जुनाच आहे, काही झालेलं नाही त्याला. उंदीरही सापडला नाही.

एकच गोष्ट राहिली, जुन्या सेन्सरच्या कपलरमधे थोडं ऑइल होतं. ते साफ केलंय, पण वरून कुठून तरी झिरपत असणार ना? टॅपेट कव्हरचं (इंजिनाच्या वरच्या झाकणाचं) पॅकिंग असेल का?

दहाचा_पाना

असू शकतं. वरचं सगळं इंजिन पुसून कोरडं करा, आठवडाभर चालवा आणि मग टॉर्च घेऊन सगळ्यात वरचा ओला डाग शोधा. ऑइल खाली उतरतं आणि हवेने मागे जातं, त्यामुळे जिथे साठलेलं दिसतं तिथून गळत नसतं. फोटो टाका.

आडवाटेने

टाकते पुढच्या रविवारी.