पावसाळ्यात लेदर सीटवर धरणारी बुरशी आणि काचेवरचा तेलकट थर

प्रश्न : खानापूर
नमस्कार. आमच्या गाडीला लेदर सीट आहेत आणि गाडी पत्र्याच्या शेडमध्ये उभी असते. श्रावणातल्या झडीत ती काही दिवस बंद राहिली की सीटच्या शिवणींत पांढरट बुरशी धरते आणि दार उघडताच कोंदट वास येतो. पुढच्या काचेवरही आतून तेलकट थर बसतो. रात्री जांबोटीकडून चोर्ला घाट उतरताना समोरच्या ट्रकचा उजेड पडला की सगळी काच पांढरी होते. ओल्या कपड्याने पुसल्यास थर नुसता पसरतो. लेदरला खोबरेल तेल चोळावे, असेही काही जण सांगतात. चतुर्थीला कोकणात जायचे आहे, त्याआधी काय करावे?

उत्तर : शहापूर, बेळगाव
मी सीटचेच काम करतो, म्हणून आधी तेलाबद्दल स्पष्ट सांगतो : खोबरेल लावू नका. आजच्या बहुतेक गाड्यांच्या लेदरवर रंगाचा आणि त्यावर पॉलियुरेथेनचा पातळ थर असतो. तेल त्यातून आत फारसे मुरत नाही. ते वर राहते, धूळ धरते आणि शिवणीत साचते. शिवाय अनेक गाड्यांत बसण्याचा भागच लेदरचा आणि बाजू रेक्झिनच्या असतात; रेक्झिनला तर तेलाचा काहीच उपयोग नाही.

उघडीप मिळेल त्या दिवशी गाडी शेडबाहेर काढून चारही दारे उघडा, तोंडाला मास्क लावा आणि बुरशी मऊ ब्रशने, शक्यतो व्हॅक्यूम जवळ धरून, काढा. नंतर कोमट पाण्यात सौम्य साबणाचा फेस करून फक्त तो फेस ब्रशवर घ्या आणि एका वेळी वीतभर भागच घासा. पांढऱ्या फडक्यावर करडा मळ उतरत असेल तर काम नीट चालले आहे. सीटचाच रंग उतरू लागला तर तिथेच थांबा. बारीक छिद्रांच्या सीटवर पाणी थेट फवारू नये, कारण ते आतल्या स्पंजात जाते आणि तिथे लवकर वाळत नाही. सीट सावलीत, वाऱ्यावर वाळू द्या. कडक उन्हाने लेदर ताठ होते. पूर्ण वाळल्यावर लेदरचे कंडिशनर अगदी पातळ लावून पुसून घ्या.

उत्तर : निपाणी
काचेवरचा तो थर बराचसा डॅशबोर्डच्या प्लास्टिकचा असतो. उन्हात प्लास्टिक तापले की त्यातली द्रव्ये वाफेने उडून काचेवर बसतात, म्हणून नुसते पाणी पुरत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि डिस्टिल्ड वॉटर सारख्या प्रमाणात घेऊन मायक्रोफायबर कापडावर लावा, काचेवर फवारू नका. थेंब लेदरवर किंवा डॅशबोर्डवर पडल्यास तिथला थर खराब होतो. लगेच दुसऱ्या कोरड्या कापडाने पुसा. आतून उभे आणि बाहेरून आडवे हात फिरवले की राहिलेला ओघळ कोणत्या बाजूचा आहे ते कळते. बाजूच्या काचा थोड्या खाली करून वरची कड पुसावी, नाहीतर तिथली मळाची रेघ तशीच राहते. मागच्या काचेवर डीफॉगरच्या बारीक तारा असतील तर त्यांच्या दिशेनेच पुसा. काचेला फिल्म लावलेली असेल तर अमोनियाचे क्लीनर पूर्ण टाळा.

उत्तर : टिळकवाडी, बेळगाव
वरचे दोन्ही उपाय बरोबर आहेत. परंतु ओल आत येण्याची वाट सापडली नाही तर बुरशी पुन्हा धरेल, हे मला फार महत्त्वाचे वाटते. मॅट काढून खालचा गालिचा हाताने दाबून पाहा. पुढे डाव्या बाजूला ओल लागली तर एसीच्या पाण्याची नळी तुंबलेली असण्याची शक्यता आहे; दारांजवळ लागली तर रबर पाहावे. घाटात काचेवर वाफ धरते तेव्हा एसी चालू ठेवून बाहेरची हवा आत घ्यावी. आतलीच हवा फिरवत राहिल्यास प्रवाशांच्या श्वासाची आणि ओल्या कपड्यांची वाफ गाडीतच कोंडते. ओल्या छत्र्या सीटवर किंवा सीटखाली न ठेवता डिकीत, प्लास्टिकच्या टबात ठेवाव्यात.