जुन्या अँड्रॉइड फोनवर क्वेरी लॉग कसा चालू करायचा?

काटापट्टी_हिंगणघाट
नमस्कार मंडळी. हिंगणघाट तालुक्यातल्या कापसाच्या एका जिनिंगसाठी मी काटापट्टीचं (वजनाच्या पावतीचं) ॲप लिहिलंय. भरल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, भाव, शेतकऱ्याचं नाव, सगळं रूम (अँड्रॉइडची डेटाबेस लायब्ररी) वापरून फोनमध्येच साठतं, कारण काट्यावर नेटवर्कचा भरोसा नाही. दिवाळीपर्यंत मस्त चालत होतं. आता आवक वाढली आणि 'आजच्या पट्ट्या' उघडलं की स्क्रीन पांढरी होऊन अडकते. दिवाणजी फोन धरून उभे, मागे ट्रॅक्टरची रांग, आणि रात्रीपासून नंबर लावून बसलेला शेतकरी विचारतो, "काऊन थांबलं भाऊ?"

दिवाणजींचा फोन अँड्रॉइड 7 चा, म्हणून अँड्रॉइड स्टुडिओतला डेटाबेस इन्स्पेक्टर (चालू ॲपचा डेटाबेस बघायचं साधन) त्यावर चालत नाही. इम्युलेटरमध्ये नोंदी थोड्या, तिथे सगळं झटपट उघडतं. डेटाबेसकडे कोणत्या क्वेऱ्या (माहितीच्या मागण्या) जातात आणि वेळ कुठे जातो, हे त्याच फोनवर कसं बघू?

वर्धेकर_ॲपवाला
यूएसबी डिबगिंग चालू करून फोन केबलने जोडा. कॉम्प्युटरवरून फोनला आदेश देणाऱ्या एडीबी शेलमधून सेटप्रॉप (फोनचं सेटिंग बदलणारी कमांड) वापरा आणि 'लॉग.टॅग.एसक्यूलाइटस्टेटमेंट्स' व 'लॉग.टॅग.एसक्यूलाइटटाइम' या दोन्हींना 'व्हर्बोज' द्या. पहिल्याने क्वेरी दिसते, दुसऱ्याने तिला लागलेला वेळ. मग ॲप फोर्स स्टॉप करून पुन्हा उघडा. चालू ॲप हे सेटिंग मध्येच वाचत नाही, त्यामुळे तसंच ठेवलं तर काहीच दिसत नाही. बरेच जण इथेच अडकतात. फोन रीस्टार्ट झाला की सेटिंग पुसलं जातं.

लॉगकॅटमध्ये (फोनच्या नोंदी दाखवणाऱ्या खिडकीत) आधी मिलिसेकंद मोजत बसू नका. एकच क्वेरी परत परत येते का, ते बघा.

पुसदचा_पोऱ्या
रूम 2.3 किंवा त्यापुढचं असेल तर कोडमध्ये डेटाबेस तयार करणाऱ्या बिल्डरवर सेटक्वेरीकॉलबॅक लावता येतो, म्हणजे प्रत्येक क्वेरीला तो कोड चालतो. क्वेरी आणि तिच्यात भरलेल्या व्हॅल्यू दोन्ही मिळतात, वेळ मात्र मिळत नाही. आणि भाऊ, हे फक्त डिबग बिल्डमध्येच (चाचणीच्या ॲपमध्येच) ठेवा. त्या व्हॅल्यूंमध्ये शेतकऱ्याचा बँक खाते नंबर असेल, तर तो लॉगमध्ये पडता कामा नये. त्याने तो विश्वासाने काट्यावर दिलेला असतो.

काटापट्टी_हिंगणघाट
सापडलं! यादीच्या एका क्वेरीमागे शेतकरी टेबलवर तीच क्वेरी, फक्त आयडी बदलून, जितक्या पट्ट्या तितक्यांदा. जॉइन लावून (दोन्ही टेबलं जोडून) एकच केली. तरी थोडं अडकत होतं. डेटाबेस क्वेरी कशी चालवतो ते सांगणारा एक्सप्लेन क्वेरी प्लॅन चालवला तर पट्ट्यांच्या टेबलसमोर 'स्कॅन', म्हणजे सगळं टेबल वाचणं. तारखेच्या कॉलमवर इंडेक्स (पटकन शोधायची सूची) टाकला, आता 'सर्च' येतंय आणि यादी लगेच उघडते. उद्या दिवाणजींच्या फोनवर टाकतो.

वर्धेकर_ॲपवाला
थांबा, टाकायच्या आधी एक बघा. इंडेक्समुळे स्कीमा (डेटाबेसची रचना) बदलला, म्हणजे डेटाबेसचं व्हर्जन वाढवून मायग्रेशन (जुना डेटा नव्या रचनेत नेणारा कोड) लिहावं लागेल. बिल्डरवर 'फॉलबॅक टू डिस्ट्रक्टिव्ह मायग्रेशन' असेल तर ते आधी काढा, नाहीतर मायग्रेशन राहून गेलं तर अपडेटनंतर ॲप उघडताच या हंगामातल्या सगळ्या पट्ट्या फोनवरून जातील.