समुद्रातल्या शैवाल-ब्लूमवरचं सोल्युशन: कोकणातल्या नगरपरिषदांमध्ये खरेदीदार नेमका कोण?

बुटीबोरी_युनिट
नागपूरजवळच्या बुटीबोरी एमआयडीसीत मॉडिफाइड क्ले (शैवालाला चिकटून त्याला तळाला नेणारी, प्रक्रिया केलेली माती) आणि ती बोटीवरून फवारायचा पंप-नोझल संच तयार होतोय. नजर कोकण किनाऱ्यावर आहे. नोक्टिलुका या समुद्रात तरंगणाऱ्या एकपेशीय जीवाचा ब्लूम (एकदम झालेली प्रचंड वाढ) आला की पाण्याचा रंग बदलतो, वास सुटतो, पर्यटक परत फिरतात. अलिबाग, मुरूड, मालवण, वेंगुर्ला इथल्या मुख्याधिकाऱ्यांना ईमेल गेलेत, पोच सोडून काही आलं नाही. आत निर्णय कोण घेतो? पैसा कुठल्या हेडमधून निघतो? फुकट डेमो द्यावा का?

निविदा_वाचक
मुख्याधिकारी सही करतात, पण फाइल तयार होते नगर अभियंत्याच्या किंवा आरोग्य-स्वच्छता विभागाच्या टेबलावर. तुमचा ईमेल कुणाकडे मार्क करायचा हेच तिथे ठरत नसणार, कारण विषय हद्दीत बसत नाही. नगरपरिषदेचं काम म्हणजे किनाऱ्यावरची स्वच्छता, नाले, सांडपाणी. १२ सागरी मैलांपर्यंतची मासेमारी राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाकडे, छोटी बंदरं आणि जेट्ट्या महाराष्ट्र मेरिटाइम बोर्डाकडे. समुद्रात पावडर टाकायची म्हटलं की सीआरझेड २०१९ (किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना) आणि राज्याचं किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरण आलंच. एवढं सगळं अंगावर घेऊन लेखापरीक्षणात आक्षेप ओढवून घ्यायला कोण बसलंय?

समजा हद्दीचं जमलं. पुढची अडचण दरसूचीची, म्हणजे मंजूर सरकारी दरांच्या यादीची. तुमची क्ले कुठल्याच दरसूचीत नाही, म्हणजे अभियंत्याला अंदाजपत्रक करता येत नाही. अंदाजपत्रक नाही तर तांत्रिक आणि प्रशासकीय मान्यता मिळत नाही. म्हणून ब्रोशर बाजूला ठेवा आणि दरपृथक्करण करून द्या: प्रति हेक्टर किती किलो, बोटीचे तास, डिझेल, मजूर, वाहतूक, जीएसटी, सगळं वेगळं मांडून. स्पेसिफिकेशन फक्त तुमच्याच मालाला बसेल असं लिहून दिलंत तर दुसरा निविदाकार येणार नाही, आणि एकाच निविदेवर काम द्यायला कार्यालय कचरतं. फेरनिविदेत पूर्ण हंगाम निघून जातो.

खारंपाणी
वेळेचं गणित त्याहून वाईट आहे. ब्लूम काही दिवस, फार तर काही आठवडे टिकतो. अंदाजपत्रकापासून कार्यादेशापर्यंत महिने लागतात. ‘ब्लूम आला, आता घ्या’ ही विक्री होऊच शकत नाही. विकायचा तो वार्षिक दरकरार, सोबत देखरेख. हैदराबादचं इन्कॉइस (केंद्राची सागरी माहिती संस्था) उपग्रहावरून शैवाल-ब्लूमची माहिती देतं, ती करारात ‘काम सुरू करण्याची खूण’ म्हणून बांधून घ्या. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. भाड्याची मासेमारी बोट धरून काम आखलं असेल तर ते दोन महिने वगळा.

आता माल. कोरियात साधी पिवळी माती चौरस मीटरला १०० ते ४०० ग्रॅम टाकतात, चीनमध्ये मॉडिफाइड क्ले ४ ते १० ग्रॅम. म्हणजे एका चौरस किलोमीटरला १०० ते ४०० टनांच्या जागी ४ ते १० टन. तुमचा खरा मुद्दा हा आहे, तो पहिल्या पानावर हवा. पण तळ्यातला डोस समुद्रात चालेल असं लिहू नका. तळ्यातला मायक्रोसिस्टिस (गोड्या पाण्यातलं निळं-हिरवं शैवाल) वायुकोशांवर तरंगतो, नोक्टिलुका पेशीतल्या अमोनियममुळे. तिची पेशी ०.२ ते २ मिलिमीटर, नुसत्या डोळ्यांनी दिसेल एवढी. चाचणी वेगळी, खाऱ्या पाण्यात आणि नोक्टिलुकावरच करावी लागेल. तळाला बसलेला गाळ कालवं-शिंपल्यांवर काय करतो याचा अहवाल मच्छीमार सोसायटी मागणारच.

आणखी एक. आंघोळीच्या समुद्रपाण्याचा एसडब्ल्यू-२ निकष बघा: विद्राव्य ऑक्सिजन किमान ४ मिग्रॅ/लिटर किंवा संपृक्ततेच्या ५०% (यातलं जे जास्त ते), बीओडी (सेंद्रिय घाण कुजताना लागणारा ऑक्सिजन) जास्तीत जास्त ३ मिग्रॅ/लिटर, गढूळपणा जास्तीत जास्त ३० एनटीयू, रंग-दुर्गंध जाणवू नये. शैवालाचं प्रमाण दाखवणाऱ्या क्लोरोफिलची मर्यादा त्यात नाही. म्हणजे ब्लूम हटवायला भाग पाडणारा आकडाच नाही. प्रस्ताव ऑक्सिजन, रंग आणि वासावर उभा करा. आणि हो, फवारणीने गढूळपणा ३० च्या वर गेला तर निकष तुम्हीच मोडला!

श्रीवर्धन_फाटा
वरच्या दोघांशी सहमत, पण दार अगदीच बंद नाही. नगरपरिषदेच्या स्वनिधीवर डोळा ठेवू नका, त्यातून पगार आणि वीजबिलं निघाली तरी पुष्कळ. जिल्हा नियोजन समितीत ‘नावीन्यपूर्ण योजना’ असते. सदस्य सचिव जिल्हाधिकारी, अध्यक्ष पालकमंत्री. मत्स्यव्यवसायच्या सहायक आयुक्तांकडून गरज लेखी आली आणि नगरपरिषदेचा ठराव जोडला की प्रस्तावाला वजन येतं. मार्चअखेरीस धावपळ करू नका, पुढच्या वर्षाचा आराखडा त्याच्या कितीतरी आधी ठरलेला असतो.

ब्लू फ्लॅग (स्वच्छ किनाऱ्यांचं आंतरराष्ट्रीय मानांकन) मिळालेल्या श्रीवर्धन, गुहागर, डहाणूच्या पारनाका किनाऱ्यांना पाण्याच्या तपासण्या कराव्याच लागतात, तिथे ऐकून घेतील. मात्र ब्लू फ्लॅगच्याच निकषांनुसार वाळूवर आलेलं नैसर्गिक शैवाल, उपद्रव होत नसेल तर, तिथेच राहू द्यायचं असतं. ‘किनारा साफ करून देतो’ हे वाक्य तिथे उलटं पडेल.

बुटीबोरी_युनिट
आणि डेमो? मालवणला करायचा विचार होता.

निविदा_वाचक
मालवण नको भाऊ. तिथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, वनविभागाची परवानगी वेगळी लागेल.

फुकट डेमोचा कागद निविदेत अनुभव म्हणून चालत नाही. अनुभव म्हणजे कार्यादेश, मोजमाप आणि पूर्णत्वाचा दाखला. रक्कम लहान असू दे, पण कार्यादेश घ्या. राज्य नावीन्यता सोसायटीच्या स्टार्टअप सप्ताहात निवडलेल्या स्टार्टअपना पथदर्शी कार्यादेश मिळत आलेत, आधी तिकडे अर्ज करा. डीपीआयआयटी मान्यतेचा (केंद्राची स्टार्टअप मान्यता) अर्ज आणि उद्यम नोंदणी आजच करा. अनुभव-उलाढालीची सूट निविदेत लिहिलेली नसेल तर प्री-बिड (निविदा भरण्याआधीच्या) बैठकीत लेखी मागा, नंतर कुणी ऐकत नाही. चाचणी अहवाल नीरीसारख्या (केंद्राची पर्यावरण संशोधन संस्था) संस्थेचा असला तर उत्तम, ती तुमच्या नागपुरातच आहे. नमुने तेवढे कोकणातून बर्फावर आणावे लागतील, आणि जिवंत पेशीवरची चाचणी नागपुरात आणून होणार नाही. ती किनाऱ्यावरच, ब्लूम असेल त्या दिवशी.